समासातील वाचक आणि एकनाथांची ज्ञानेश्वरी

ग्रंथावर खुणा करीत वाचण्याची सवय मुद्रणाबरोबर आली, असा एक समज आढळतो. जुन्या पोथ्या पाहिल्या की तो टिकत नाही. शब्द न तोडता सलग लिहिलेल्या ओळीचा अर्थ लागावा म्हणून अक्षरांच्या डोक्यावर बारीक रेघा देऊन पदच्छेद केला जाई; श्लोकांकावर, अध्यायसमाप्तीवर गेरू फिरविला जाई; कठीण शब्दाचा अर्थ समासात उतरे. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप बसे. (‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहारातला.) गळलेला मजकूर समासात लिहून ओळीतील त्याची जागा काकपदाने दाखवीत.

अडचण येथेच होती. गळलेली ओळ आणि वाचकाला सुचलेली टीप, दोन्ही समासातच. पुढील नकलकाराने टीप संहितेत घेतली की कोणे एके काळचा वाचक नकळत सहकर्ता होई. संहिताचिकित्सा याला प्रक्षेप म्हणते. त्यामागे लबाडीच असते असे नव्हे. पुष्कळदा मन लावून केलेल्या वाचनाचाच तो अवशेष असतो.

पाचोड ज्या तालुक्यात मोडते त्या पैठणच्या एकनाथांपुढे हाच प्रश्न होता. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) सिद्ध केली. मधल्या जवळजवळ तीन शतकांत पाठांतरांनी ग्रंथ बिघडला, असे त्यांच्या समारोपाच्या ओव्या सांगतात. आणि यापुढे जो यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, असे बजावतात. हा निषेध वाचकाच्या लेखणीचा नव्हे, तिने ओलांडलेल्या सीमेचा आहे. स्वतः एकनाथांना विवरणाची ऊर्मी कमी नव्हती. भागवताच्या एकादश स्कंधावरील अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका त्यांनी शके १४९५ मध्ये वाराणसीस पूर्ण केली होती. पण ती स्वतंत्र ग्रंथ म्हणून, स्वतःच्या नावाने उभी राहिली. वाचकाचे म्हणणे मोठे झाले की त्याने समास सोडून आपले घर बांधावे, असा हा दंडक म्हणता येईल.

तथापि ज्ञानेश्वरीच्या शोधनात एकनाथांनी एक गोष्ट केली नाही. कोणता पाठ कोणत्या पोथीतून घेतला, कोणता का टाकला, याची नोंद त्यांनी मागे ठेवली नाही. इतरांच्या खुणा पुसणाऱ्याने स्वतःची खूणही ठेवली नाही. भक्ताच्या दृष्टीने हा विनय. अभ्यासकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये बीड येथे मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिचा पाठ एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादिले. तो दावा सर्वांनी मान्य केला नाही. त्या वादात दोन्ही पक्षांना भाषेच्या जुनेपणावरून अनुमाने बांधावी लागली, कारण पैठणच्या प्रतीचा समास कोरा होता.