जो काहीच घडवत नाही, तो विकतो काय?

१/८ चिप घडवणारा कारखाना आणि ती वापरणारा कारखाना यांच्यामध्ये वितरक उभा असतो. तो स्वतः काहीच घडवत नाही. मग तो विकतो काय? या प्रश्नातून जन्मलेल्या एका संघटनेचा हा इतिहास.

२/८ आरंभ न्यूयॉर्कमध्ये. मॅनहॅटनच्या कोर्टलँड स्ट्रीट परिसराला 'रेडिओ रो' म्हणत. १९२१ मध्ये चार्ल्स ॲव्हनेट यांनी तेथे रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार मांडला; १९३५ मध्ये 'ॲरो' आले. पुढे दोन्ही पेढ्या जागतिक कंपन्या झाल्या. तो बाजार मात्र १९६६ पासून वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी पाडण्यात आला.

३/८ कालांतराने वितरकांचे दोन वर्ग दिसू लागले. अधिकृत वितरक थेट उत्पादकाकडून माल घेतो; स्वतंत्र वितरक खुल्या बाजारातून. दुसऱ्याची गरज का? चिपचे उत्पादन काही वर्षांत थांबते, विमान मात्र दशकानुदशके उडत राहते. बंद पडलेला भाग शोधून देणे हे स्वतंत्र वितरकाचे काम.

४/८ नेमका इथेच बनावट मालाला शिरकाव मिळाला. टाकाऊ संगणकांचे सर्किट बोर्ड तापवून चिप्स सोडवायच्या, वरची अक्षरे घासून काढायची आणि नवी छापायची. चीनमधील ग्वांगडोंग प्रांत या उद्योगासाठी कुप्रसिद्ध झाला.

५/८ या पार्श्वभूमीवर २००३ मध्ये अमेरिकेत 'इंडिपेंडंट डिस्ट्रिब्युटर्स ऑफ इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन' अर्थात 'आयडिया' स्थापन झाली. लक्षणीय बाब अशी, की ज्या वर्गावर संशय होता त्याच वर्गातील व्यापाऱ्यांनी ती उभारली.

६/८ २००६ मध्ये संघटनेने तपासणीचे मानक प्रसिद्ध केले: भाग भिंगाखाली कसा पाहावा, छपाई खरी आहे का, पृष्ठभाग घासलेला आहे का. अनुभवी नजरेचे ज्ञान लिखित नियमांत उतरले.

७/८ तरीही प्रश्न सुटला नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने २००९-१० या दोन वर्षांतील संरक्षण पुरवठा तपासला. २०१२ च्या अहवालात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे आणि दहा लाखांहून अधिक भाग नोंदले गेले. त्याआधीच, २०११ च्या अखेरीस, संरक्षण खरेदीत मूळ उत्पादक व अधिकृत वितरकांना प्राधान्य देणारा कायदा झाला होता.

८/८ व्यापारी संघटना म्हणजे केवळ हितसंबंधांची एकजूट, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते हे अपुरे आहे. वितरक विकतो ती वस्तूविषयीची ग्वाही. एकाची ग्वाही खोटी ठरली की सर्वांचीच पत जाते; म्हणून स्पर्धकही एकत्र बसतात.