तेवढ्यापुरतं रद्द

करारात अगदी शेवटी एक कलम हमखास असतं: यातली एखादी तरतूद बेकायदा ठरली, तरी बाकीच्या लागू राहतील. वकील त्याला ‘सेव्हरेबिलिटी क्लॉज’ म्हणतात. सही करणारे बहुधा ते वाचतही नाहीत. त्याचं कूळ मात्र चारशे वर्षांपलीकडे जातं. काही अटी बेकायदा असल्या तरी चांगल्या अटी टिकतात, हे इंग्लंडमध्ये 1614 च्या पिगॉट खटल्यातच नोंदलं गेलं.

पुढे तोफा बनवणाऱ्या थॉर्स्टन नॉर्डेनफेल्ट यांनी धंदा विकताना कबूल केलं, की पंचवीस वर्षं तोफा आणि दारूगोळ्याच्या धंद्यात पडणार नाही. शिवाय कंपनीशी स्पर्धा होईल असा कुठलाच धंदा करणार नाही. दुसरी अट न्यायालयाला अवाजवी वाटली, ती खोडली गेली. पहिली हाउस ऑफ लॉर्ड्सने 1894 मध्ये कायम केली. या खोडण्याला ‘निळ्या पेन्सिलीची कसोटी’ म्हणतात. न्यायाधीशाने शब्द खोडावेत, पदरचे घालू नयेत.

आपल्या 1872 च्या करार कायद्यात, कलम 57 खाली, फार बोलकं उदाहरण आहे. घर दहा हजारांना विकायचं, पण घेणाऱ्याने तिथे जुगाराचा अड्डा चालवला तर पन्नास हजार द्यायचे. विक्रीचा करार टिकतो, पन्नास हजारांचा रद्द.

संविधानाच्या अनुच्छेद 13 ने हेच तत्त्व कायद्यांनाही लावलं: मूलभूत हक्कांशी जेवढा विरोध, तेवढ्यापुरताच कायदा शून्य. मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याचं 1951 मध्ये तसंच झालं. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी काढली, दारूबंदी ठेवली. 1957 च्या चमारबागवाला खटल्यात तर बाद भाग कधी वेगळा काढता येतो याचे नियमच घालून दिले. त्यातला पहिला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: हा भाग टिकणार नाही हे आधी ठाऊक असतं, तर विधिमंडळाने उरलेला कायदा केला असता का?

करारालाही हाच प्रश्न विचारावा. ज्या अटीसाठी व्यवहार केला तीच गळाली, तर नुसत्या सेव्हरेबिलिटी क्लॉजने उरलेला करार वाचेलच असं नाही. म्हणून सही करण्याआधी आपली मुख्य अट कोणती ते ठरवा, आणि ती गेल्यास करार संपेल, असं वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या.