लहान गांवांचीं विमानें

विमानांचा इतिहास म्हटला कीं मुंबई-लंडनसारख्या मोठ्या वाटा आपणांस आठवतात. आजचा विषय तो नव्हे. प्रांतांतल्या प्रांतांत थोडे उतारू नेणाऱ्या लहान विमान कंपन्या आपल्याकडे कशा निघाल्या, कशावर जगल्या आणि कां बंद पडल्या, हें मला सांगावयाचें आहे. नंदुरबारसारख्या गांवीं राहणाऱ्यास हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. सरळ रेषेंत मुंबई आम्हांपासून तीनशें किलोमीटरच्या आंत आहे. पण आगगाडी तापीच्या खोऱ्यानें आधीं पश्चिमेस सुरतेकडे जाते आणि मग दक्षिणेस वळते. दुखणेकऱ्यास घेऊन तो वळसा ज्यानें घातला आहे, त्यास त्याची लांबी निराळी सांगावयास नको.

आरंभ टपालापासून झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें व तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बल्लारीवरून मद्रासेस नेलें. कंपनीजवळ विमानें दोन, तींहि इवलींशीं. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. मग सर्व बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवावें लागे. पहिल्या वर्षीं उतारू मिळाले अवघे १५५. तरीहि त्या वर्षीं ६०,००० रुपये नफा झाला, तो कशामुळें? वर्षभरांत वाहिलेल्या दहा टनांहून अधिक टपालामुळें. उतारू हा त्या काळीं टपालाच्या थैल्यांशेजारीं सांपडेल त्या जागेंत बसणारा पाहुणा होता.

खरी प्रांतिक म्हणावी अशी कंपनी म्हणजे १९३७ सालीं मुंबईस निघालेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया. तिनें भावनगर, राजकोट, जामनगर व पोरबंदर हीं काठेवाडचीं गांवें मुंबईस जोडलीं. मुलांस भूगोल शिकवितांना खंबायतचें आखात नुसतें बोटानें दाखवून मी पुढें जात असें. पण या कंपनीचा सारा संसार त्या आखातावर उभा होता. मुंबईहून भावनगरास आगगाडीनें जावयाचें तर आखाताला वळसा घालून पार गुजराथेंतून जावें लागे. विमान तेंच पाणी ओलांडून सरळ जाई. वाट चांगली निवडली असली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. महायुद्ध आलें तशी ही सेवा थांबली आणि १९४३ सालीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनें ती कंपनी विकत घेतली. आपल्या बाजूस कोल्हापुरासहि राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, विमानतळ झाला, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या मंडळींस सहसा ठाऊक नसते.

युद्ध संपल्यावर सैन्याचीं डकोटा विमानें स्वस्तांत विकावयास निघालीं, आणि कंपन्यांचें पेंव फुटलें. उतारू तेवढेच, घेणारे मात्र अनेक! न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५० सालीं निर्वाळा दिला, कीं परवाने गरजेपेक्षां फार वांटले गेले. शेवटीं १ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्यांची मालमत्ता सरकारनें नव्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनच्या हवालीं केली. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया त्यांतलीच एक. पुढें मोठीं विमानें आलीं, तसतशी त्यांची दृष्टि मोठ्या शहरांवरच राहिली. लहान गांवांकरितां १९८१ सालीं ‘वायुदूत’ काढण्यांत आली. तीहि तोट्यांत जाऊन १९९३ सालीं इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली.

तोट्याचें गणित अवघड नाहीं. विमान निम्में रिकामें उडालें तरी तेल, वैमानिक आणि दुरुस्ती यांचा खर्च निम्मा होत नाहीं. तेव्हां रिकाम्या जागांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतोच. १९३२ सालीं ते टपाल खात्यानें दिले, असें म्हणावयास हरकत नाहीं. २०१६ च्या ‘उडान’ योजनेनें त्याची निराळी तजवीज केली: निम्म्या जागांचें भाडें तासाभराच्या प्रवासास सुमारें २,५०० रुपये बांधून द्यावयाचें, आणि येणारी तूट मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून व राज्यांचा वांटा घेऊन तीन वर्षें भरून काढावयाची.

तिचा अनुभव खानदेशानें घेतला आहे. डिसेंबर २०१७ मध्यें एअर डेक्कनचें विसांहून कमी आसनांचें विमान जळगांव-मुंबई उडूं लागलें. पण मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळणें हेंच दुर्घट. फेऱ्या अनियमित झाल्या व कांहीं महिन्यांत थांबल्या. सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटनें जळगांव हें मुंबई व अहमदाबाद यांस जोडलें. २०२२ च्या आरंभीं त्या कंपनीचींच उड्डाणें बंद पडलीं. नंतर २०२४ सालीं गोव्याची फ्लाय ९१ ही कंपनी आली. सात वर्षांत तीन कंपन्या! ज्या व्यापाऱ्यानें किंवा रोग्याच्या आप्तानें या विमानावर भरंवसा ठेवून आपला दिवस आंखावा, त्यानें प्रत्येक वेळीं पुन्हां रेल्वेच्या खिडकीपुढें उभें राहावयाचें, याला सोय म्हणणें मला जड जातें. चार आण्यांनीं भाडें वाढलें तरी चालेल, पण विमान उद्यांहि येईल, एवढें उतारूस कळलें पाहिजे.

आणि नंदुरबारचें काय? मुंबई आमच्या नैर्ऋत्येस, जळगांव पूर्वेस. म्हणजे विमान गांठावयाचें तर आधीं मुंबईकडे पाठ करून काहीं तास आगगाडीनें उलट दिशेस जावयाचें. धुळ्याजवळ गोंदूर येथें धांवपट्टी आहे खरी. परंतु तेथून बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी वैमानिक होण्याचे धडे गिरवीत आले आहेत. उतारूंची नियमित फेरी तेथून नाहीं.