भोक जागेवर आहे का?

सुटं कपाट आणून घरी जोडायला घ्यावं आणि शेवटचा स्क्रू भोकात शिरू नये, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. आपण म्हणतो, भोक जागेवर नाही. पण 'जागेवर' म्हणजे नेमकं कुठे? या प्रश्नाचं आज जगभर चालणारं उत्तर स्कॉटलंडमधल्या एका टॉर्पेडो कारखान्याशी जोडलेलं आहे.

ग्लासगोपासून थोड्या अंतरावर, लॉक लोमंडजवळ अलेक्झांड्रिया नावाचं गाव आहे. तिथे आर्गाइल मोटारींच्या जुन्या इमारतीत ब्रिटिश नौदलाचा टॉर्पेडो कारखाना होता. स्टॅन्ली पार्कर तिथे काम करत.

तेव्हा ड्रॉइंगवर भोकाची जागा दोन कडांपासून लिहीत. समजा, एका कडेपासून ५० मिलिमीटर, दुसरीपासून ३०, आणि दोन्हींत ०.१ इकडेतिकडे चालेल. आता कागदावर काढून पाहा. भोकाच्या केंद्राला फिरायला ०.२ मिलिमीटर बाजूचा एक चौकोन मिळतो. केंद्र सरळ उजवीकडे ०.१२ सरकलं, तर जॉब रिजेक्ट. पण तेच कोपऱ्यात गेलं, तर मूळ जागेपासून सुमारे ०.१४ दूर असूनही पास!

गंमत पाहा, जास्त चुकलेला पास आणि कमी चुकलेला नापास. बोल्टला दिशा कळत नाही. भोक किती दूर सरकलं, एवढंच त्याला जाणवतं. कोपऱ्यातलं ०.१४ चालत असेल, तर ते सगळ्याच दिशांना चालायला हवं. म्हणजे चौकोनाऐवजी त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ घ्यायचं. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनापेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त भरतं. जुळणीत काहीही सैल न करता तेवढे चांगले जॉब भंगारात जाण्यापासून वाचतात.

हाच 'ट्रू पोझिशन'चा विचार. तो मांडण्याचं श्रेय पार्कर यांना दिलं जातं. १९४० मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचं डिझाइन आणि तपासणी यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. नौदलाची शस्त्रं तेव्हा नवनव्या कंत्राटदारांकडूनही बनवून घेतली जात होती. अशा वेळी कामाचा सुटा भाग फेकून देणं म्हणजे पोलाद, यंत्राचे तास आणि कारागिराची मेहनत, तिन्ही वाया. १९५६ मध्ये त्यांचं 'ड्रॉइंग्ज अँड डायमेन्शन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झालं.

आज ड्रॉइंगवर एक वर्तुळ आणि त्याला छेदणाऱ्या दोन रेघा दिसल्या, की समजावं, इथे भोकाची जागा सांगितली आहे. शेजारच्या चौकटीत चिन्हासह ०.२८ असेल, तर तो वर्तुळाचा व्यास. केंद्र कोणत्याही दिशेला फक्त ०.१४ सरकू शकतं. पुढे वर्तुळात 'एम' असेल, तर आणखी सवलत मिळते: भोक किमान मापापेक्षा जितकं मोठं, तितका हा व्यासही वाढतो. कारण मोठ्या भोकात बोल्ट तसाही सहज जातो.

मी आयटीतला माणूस. आमच्याकडेही तपासणीच्या याद्या असतात, आणि यादीतली प्रत्येक ओळ पाळूनही काम न चालणाऱ्या गोष्टी असतात. म्हणून मला पार्कर यांचा प्रश्न मोलाचा वाटतो: माप कुठून घेतलं ते राहू द्या, बोल्ट बसतो का?

तुमच्या घरी कारखान्यात आयुष्य घालवलेले काका किंवा आजोबा असतील, तर त्यांना आज 'ट्रू पोझिशन'बद्दल जरूर विचारा. कागद-पेन्सिल मात्र हाताशी ठेवा.