रोग्यांची मोजदाद आणि उंडेऱ्याचीं अठ्ठावीस कुटुंबें

रोगराईची बातमी आली कीं आपण प्रथम विचारतों, "किती माणसें आजारी पडलीं?" प्रश्न स्वाभाविक खरा, पण अपुरा आहे. गोंदिया जिल्ह्यांतील बोदलकसा या तळ्याकाठच्या लहान गांवीं एका महिन्यांत दहा माणसें नव्यानें आजारी पडलीं आणि मुंबईंतहि दहाच पडलीं, असें समजा. आंकडा एकच, संकट मात्र सारखें नाहीं. नवे रोगी किती, किती लोकांपैकीं आणि किती काळांत, हीं तीन उत्तरें एकत्र आलीं म्हणजेच साथीचें खरें माप हातीं येतें.

हें माप घेणें किती अवघड, हें मुंबईस १८९६ सालीं कळलें. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेग ओळखला. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. पण साथ पसरतांच लाखों लोक शहर सोडून गेले. म्हणजे ज्या संख्येनें भागावयाचें तीच हरपली. मागें राहिलेल्यांपैकीं अनेकांनीं घरझडतीच्या आणि इस्पितळाच्या धास्तीनें रोगी लपविले. म्हणजे रोग्यांची संख्याहि भरंवशाची उरली नाहीं.

याच शहरांत वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पण ती गुणकारी कीं नाहीं, हें ठरवावें कसें? त्यासाठीं जेथें प्रत्येक माणूस मोजतां येईल अशी जागा हवी होती. ती प्रथम भायखळ्याच्या तुरुंगांत मिळाली. मात्र तेथें आपण होऊन पुढें आलेल्या कैद्यांनाच लस दिली होती. असे लोक मुळांतच अधिक धट्टेकट्टे असतील, अशी शंका घेण्यास जागा राहिली.

फेब्रुवारी १८९८ मध्यें बडोदें संस्थानांतील उंडेरा गांवीं ही शंकाहि दूर करण्याचा यत्न झाला. प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचली, उरलेल्यांस नाहीं. छप्पर एकच, चूल एकच, उंदीरहि तेच. पुढें २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतील लस न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ जणांस तो झाला व २६ दगावले. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं ८ जणांस झाला व ३ दगावले. म्हणजे रोग जडण्याचें प्रमाण एकीकडे शेंकडा ४२, तर दुसरीकडे शेंकडा ११. अर्थात् हें प्रमाण रोग शिरलेल्या घरांपुरतें आहे, साऱ्या गांवाचें नव्हे. लस अभेद्य कवच नव्हती, हेंहि तेच आंकडे सांगतात.

हा हिशेब कोरडा म्हणून बाजूस सारूं नये. लस न मिळालेले ते ६४ जण मोजले नसते, तर आठ रोगी हे थोडे कीं फार, हें कोणासहि सांगतां आलें नसतें. लशीचा गुण सिद्ध होण्यास त्यांतील २६ जणांचे प्राण खर्चीं पडले. रोगी मोजतांना निरोग्यांचीहि गणती करावी, हा धडा इतक्या मोलानें मिळालेला आहे.