मराठवाड्यातील इंग्रजी अध्यापन आणि खेळ : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पदवीच्या प्रथम वर्षाला इंग्रजी शिकविणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांचा एक समान अनुभव आहे. समोरचा विद्यार्थी इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकून आलेला असतो. कर्तरी वाक्याचे कर्मणी रूप तो बिनचूक करतो. परंतु 'उशीर का झाला?' या साध्या प्रश्नाचे इंग्रजीतून उत्तर देताना अडखळतो. याचा दोष विद्यार्थ्याच्या ग्रामीण पार्श्वभूमीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणे इतिहासात शोधावयाची आहेत आणि त्या अनुषंगाने खेळाद्वारे इंग्रजी शिकविण्याच्या प्रयत्नाचे मूल्यमापन करावयाचे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. तेथे इंग्रजी हा अनिवार्य विषय म्हणून शिकविला जाई. म्हणजे नांदेडच्या किंवा तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरच्या मराठी मुलाला इंग्रजी ही एका परभाषेच्या आधारे समजून घ्यावयाची दुसरी परभाषा होती. मुंबई इलाख्यात कचेरी, न्यायालय, रेल्वे यांच्या निमित्ताने इंग्रजी निदान कानावर तरी पडत असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या तिकडच्या विद्यार्थ्यालाही बोलणे कठीण जाई, हे खरे. तथापि इकडे इंग्रजीचे अस्तित्व प्रामुख्याने पुस्तकाच्या पानावरच होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी मराठीतून शिक्षणाचा आग्रह धरला आणि तो योग्यच होता. इंग्रजीच्या पद्धतीचा प्रश्न त्या काळाच्या अग्रक्रमात बसणारा नव्हता.

संस्थान विलीन झाल्यावर शिक्षणाचे माध्यम मराठी झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज व १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले. इंग्रजीच्या तासात मात्र बदल झाला तो एवढाच, की अर्थ उर्दूऐवजी मराठीतून सांगितला जाऊ लागला. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली आणि रचनाधिष्ठित पद्धतीचा देशभर प्रसार झाला. चित्रे, शब्दपट्ट्या, वाक्यांचा सामूहिक सराव या गोष्टी अध्यापक महाविद्यालयांत आल्या. डब्ल्यू. आर. ली यांचे भाषाशिक्षणातील खेळांवरील पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हे सारे आपल्याकडे सराव पाठाच्या टाचणापुरते राहिले. पदवी हाती पडताच शब्दपट्ट्या कपाटात जात. या परंपरेत आजही फारसा खंड पडलेला दिसत नाही.

खरा बदल झाला तो जून २००० मध्ये. विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मुख्यमंत्री स्वतः लातूर जिल्ह्यातील, हाही एक योगायोग! या निर्णयावर मराठीच्या भवितव्यासंबंधी मोठा वाद झाला. त्या वादात एक व्यावहारिक बाब मात्र मागे पडली. स्वतः पाचवीपासून भाषांतराने इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाला आता सहा वर्षांच्या मुलाला ती भाषा ऐकवायची होती. अक्षरओळख नसलेल्या मुलाला व्याकरण सांगता येत नाही. त्यामुळे बडबडगीते, कृतियुक्त सूचना आणि खेळ यांना पर्यायच उरला नाही. खेळ आपल्या शाळांत आला तो सिद्धांतामुळे नव्हे, तर अशा निकडीतून.

येथे कोणते खेळ रुजले, हे पाहणे उद्बोधक आहे. सर्वांत सहज रुजली ती शब्दांची अंताक्षरी. 'कॅट' नंतर 'टेबल', 'टेबल' नंतर 'एलिफंट'. मुले त्यात रमतात. पण त्यात वाक्य नाही, संवाद नाही आणि कानाला कामही नाही. 'टेबल' च्या शेवटी 'ई' आहे हे ऐकू येत नाही, ते पाठच असावे लागते. थोडक्यात, स्पेलिंगची घोकंपट्टीच खेळाचा वेष घेऊन आली. याउलट 'शिवाजी म्हणतो' हा आपल्या मुलांचा परिचित खेळ पाहावा. 'स्टँड अप', 'टच युवर नोज' अशा सूचना ऐकून त्याप्रमाणे कृती करावी लागते. बोलण्याची सक्ती नसते आणि चुकले तरी हसणे सर्वांचे असते. किनवट भागातील बंजारा किंवा गोंड मूल असो, देगलूर-बिलोलीकडील तेलुगू भाषक घरातील असो, या खेळात मराठी भाषक मुलाला कोणतीही आघाडी नसते. पुस्तकी मराठीतून दिलेला इंग्रजीचा अर्थ ज्यांच्यासाठी पुन्हा दुसरे कोडेच असतो, त्यांच्या दृष्टीने ही समता क्षुल्लक नाही.

असे असूनही हा दुसऱ्या प्रकारचा खेळ मागे का पडतो? मुलांचा गोंगाट, शेजारच्या वर्गाची तक्रार, पालकांची नाराजी ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु मूळ कारण वेगळे असावे. अंताक्षरीत शिक्षकाला इंग्रजी बोलावे लागत नाही. 'शिवाजी म्हणतो' मध्ये सलग दहा मिनिटे बोलावे लागते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत केलेल्या बंगलोर प्रकल्पात नकाशे, वेळापत्रके यांवरील कोडी सोडविताना मुलांनी भाषा आत्मसात करावी अशी योजना होती. साहित्य जवळजवळ फुकटचे होते. मात्र शिक्षकाचे सहज इंग्रजी ही त्यामागची गरज होती.

याच भूमीत 'लातूर पॅटर्न' वाढला, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. नियोजनबद्ध सराव आणि वारंवार चाचण्या यांच्या बळावर या भागातील सामान्य घरांतील मुले वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली. त्या यशाला हिणवणे कृतघ्नपणाचे होईल. पण लेखी उत्तरपत्रिकेत जे उतरत नाही त्याला या रचनेत जागा नाही आणि खेळातून मिळणारे इंग्रजी नेमके तेच आहे. पालक हे अचूक ओळखतात. म्हणून ते बालवाडीत इंग्रजी गाण्यांचे कौतुक करतात आणि पाचवीनंतर त्याच गाण्यांना वेळेचा अपव्यय म्हणतात.

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक पदवीधर पुढे याच परिसरातील शाळांत शिक्षक होतात. वर्ग चालविण्यासाठी, खेळ समजावून सांगण्यासाठी, मुलांना शाबासकी देण्यासाठी लागणारी इंग्रजी वाक्ये फार तर शे-दीडशे असतील. पदवीच्या तीन वर्षांत ती त्यांच्या तोंडी बसविण्यास नव्या प्रयोगशाळेची वा अनुदानाची आवश्यकता नाही. आठवड्यातील एक तास आणि विद्यार्थ्यांसमोर स्वतः खेळण्याची प्राध्यापकांची तयारी मात्र लागेल.