कर्करोगावरील जनुकपरिवर्तित जीवाणू

कर्करोगाची गाठ शोधून काढण्यासाठी किंवा तिच्यात औषध पोहोचवण्यासाठी ज्यांच्या जनुकांमध्ये हेतुपुरस्सर बदल केलेले असतात, अशा जीवाणूंना कर्करोगावरील जनुकपरिवर्तित जीवाणू म्हणतात. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया व क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूंवर यासंबंधीचे बहुतेक संशोधन झाले आहे. उंदरांवरील प्रयोगांत अनेकदा उत्तम यश मिळाले असले, तरी माणसांवरील चाचण्यांत त्याची पुनरावृत्ती अद्याप क्वचितच झाली आहे.

पूर्वपीठिका

न्यूयॉर्कमधील शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये एका कर्करुग्णाला स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू मुद्दाम टोचले. त्वचेच्या तीव्र संसर्गानंतर गाठ नाहीशी झालेल्या एका रुग्णाची जुनी नोंद त्यांच्या वाचनात आली होती. जिवंत जीवाणूंमुळे रुग्ण दगावण्याचा धोका असल्याने पुढे त्यांनी उष्णतेने मारलेल्या जीवाणूंचे मिश्रण वापरले. ते ‘कोलीची विषे’ या नावाने ओळखले जाते. काही रुग्णांना त्याचा गुण आला, परंतु परिणाम बेभरवशाचे होते. किरणोपचार व नंतर रासायनिक उपचार रूढ झाल्यावर ही पद्धत मागे पडली.

क्षयाची लस म्हणून परिचित असलेली बीसीजी हा या विचारातून टिकून राहिलेला उपचार होय. मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या मर्यादित कर्करोगात हे जिवंत पण दुर्बल जीवाणू थेट मूत्राशयात सोडतात. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीसीजीची दुर्बलता प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवत ठेवल्याने आलेली आहे. त्यामुळे तिची गणना जनुकपरिवर्तित जीवाणूंत होत नाही.

जीवाणू गाठीत का वाढतात

गाठ झपाट्याने वाढत असता तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व अपुऱ्या राहतात. आतल्या भागात ऑक्सिजन कमी पडतो, पेशी मरतात व त्यांतून जीवाणूंना अन्न मिळते. शिवाय गाठ आपल्या परिसरातील प्रतिकारक पेशींना निष्प्रभ करत असल्याने जीवाणूंना तेथे आसरा मिळतो. रक्तात सोडलेले दुर्बल जीवाणू यकृत व प्लीहेतून काही दिवसांत नष्ट होतात, गाठीत मात्र त्यांची संख्या वाढत जाते. रासायनिक औषधे व किरणोपचार यांना कमी ऑक्सिजनचा हाच भाग दाद देत नाही, हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण आहे.

दुर्बलतेचा पेच

व्हीएनपी२०००९ या साल्मोनेला प्रकाराचे उदाहरण या क्षेत्रात वारंवार दिले जाते. त्यातून दोन जनुके काढून टाकली होती. एकामुळे जीवाणूच्या आवरणाची विषारी क्षमता घटली, तर दुसऱ्यामुळे त्याला प्युरिनसाठी बाहेरील पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागले. उंदरांत हा जीवाणू यकृताच्या तुलनेत गाठीत हजारपटीहून अधिक साठत असे व गाठींची वाढ रोखत असे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो २५ रुग्णांना शिरेतून देण्यात आला. त्यांतील २४ जणांना शरीरभर पसरलेला मेलॅनोमा होता. केवळ तीन रुग्णांच्या गाठींत जीवाणू आढळले आणि एकाही रुग्णाची गाठ लहान झाली नाही.

या अपयशाची दोन कारणे सांगितली जातात. उंदरांत रुजवलेली गाठ काही आठवड्यांत वाढते, माणसातील गाठ सहसा सावकाश वाढते व तिची रचनाही निराळी असते. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. जीवाणूला निरुपद्रवी करणारा बदलच त्याची गाठीत तग धरण्याची क्षमता कमी करत असावा. बदल कमी करावेत, तर आधीच क्षीण झालेल्या रुग्णाला रक्तदोषाचा धोका संभवतो.

बर्ट व्होगेलस्टाइन व सहकाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वेगळा मार्ग निवडला. क्लॉस्ट्रिडियम नोव्ही हा जीवाणू ऑक्सिजन असलेल्या जागी वाढूच शकत नाही. त्याचे घातक विष तयार करणारे जनुक काढून त्याचे बीजाणू गाठीत टोचण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपोआप कर्करोग झालेल्या १६ पाळीव कुत्र्यांपैकी तिघांच्या गाठी पूर्णपणे, तर आणखी तिघांच्या अंशतः नाहीशा झाल्या. प्रयोगासाठी रुजवलेल्या गाठींपेक्षा अशा गाठी मानवी रोगाच्या अधिक जवळच्या असल्याने या निष्कर्षाला महत्त्व आहे.

लिस्टेरियाचा उपयोग गाठीचा नाश करण्यासाठी नव्हे, तर प्रतिकारयंत्रणेला लक्ष्य ओळखायला शिकवण्यासाठी केला गेला. गर्भाशयमुखाच्या प्रगत कर्करोगावरील अशा एका लसीची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी भारतात झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीसोबत सिस्प्लॅटिन दिलेल्या व न दिलेल्या गटांतील रुग्णांचे आयुर्मान जवळपास सारखेच आढळले. केवळ सिस्प्लॅटिन दिलेला गट चाचणीत नसल्याने लसीचा स्वतंत्र लाभ मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

नियंत्रित परिपथ

जीवाणूने औषध कोठे व केव्हा सोडावे, हे त्याच्या जनुकांतच लिहून ठेवण्याचा प्रयत्न कृत्रिम जीवशास्त्रात होतो. जेफ हेस्टी व संगीता भाटिया यांच्या गटांनी २०१६ मध्ये असा एक परिपथ वर्णन केला. साल्मोनेलाची संख्या ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली की बहुतेक जीवाणू एकाच वेळी फुटतात व आतील औषध गाठीत सांडते. उरलेल्यांपासून वसाहत पुन्हा वाढते व हे चक्र चालू राहते. परिणामी औषध टप्प्याटप्प्याने मिळते आणि जीवाणूंची संख्याही आपोआप आटोक्यात राहते. पुढे कोलंबिया विद्यापीठातील ताल डॅनिनो व निकोलस अर्पाया यांच्या गटांनी २०१९ मध्ये ई. कोलायमध्ये हाच उपाय योजला. सीडी४७ हे प्रथिन दाखवून कर्कपेशी भक्षक पेशींपासून बचाव करतात. त्या प्रथिनाला झाकणारा सूक्ष्म प्रतिपिंड या जीवाणूंनी सोडला. उंदरांत जीवाणू न टोचलेल्या गाठींचीही वाढ मंदावली, कारण प्रतिकारक पेशी जागृत झाल्या होत्या.

निदान

निदानासाठी जीवाणूने गाठ मारण्याची गरज नसते, ती सापडल्याची खूण दिली तरी पुरे. ई. कोलाय निसल १९१७ हा प्रकार पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल यांनी अतिसार न झालेल्या एका जर्मन सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केला होता. आतड्याच्या विकारांवर तो आजही वापरला जातो. २०१५ मध्ये डॅनिनो, भाटिया व सहकाऱ्यांनी बदललेला निसल उंदरांना तोंडावाटे दिला. यकृतातील दुय्यम गाठींत पोहोचून त्याने एक विकर तयार केले. त्यानंतर टोचलेल्या पदार्थाचे या विकराने विघटन होऊन त्यातील प्रकाशजनक घटक लघवीत उतरला व तेथे मोजता आला.

२०२३ मध्ये परिसरातील सुटा डीएनए सहज उचलणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर बेलाय या जीवाणूचा संवेदक वर्णन केला गेला. मोठ्या आतड्याच्या गाठीतून सुटलेला डीएनए उंदरांच्या आतड्यात त्याने ओळखला. मात्र त्या गाठींच्या पेशींत ओळखीचा एक डीएनए खंड आधीच घातलेला होता. रुग्णाच्या नैसर्गिक गाठीतील एखादे उत्परिवर्तन शरीराच्या आत असे टिपणे ही पुढची पायरी आहे.

सुरक्षितता

उपचार संपल्यावर जीवाणू शरीरातून निघून जाणे अत्यावश्यक आहे. यासाठी प्रतिजैविकांना सहज बळी पडणारे प्रकार निवडले जातात किंवा शरीराबाहेर जगण्यास आवश्यक असे एखादे पोषकद्रव्य बनवण्याची त्यांची क्षमता काढून घेतली जाते. जीवाणूंचे जनुक विभाजनागणिक बदलत असल्याने परिपथ कालांतराने निकामी होण्याची शक्यता असते. तसेच केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांत दुर्बल जीवाणूही संसर्ग घडवू शकतात. कृत्रिम सांधे वा अन्य रोपणे बसवलेल्या रुग्णांत जीवाणू त्यांवर चिकटून राहण्याचा धोका असल्याने अशा रुग्णांचा चाचण्यांत समावेश करताना विशेष काळजी घ्यावी लागते.